मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना कटलिस्टपासून सुरुवात करा

सॉफ्टवेअर विकणारा डेमोला येतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत चकचकीत किचन दाखवतो. खिडकीतून ऊन, ओट्यावर फळांची परडी, शटरवर, म्हणजे कपाटाच्या दारांवर, प्रतिबिंब. मालक खूश, सौदा पक्का. तीन महिन्यांनी तोच मालक रात्री एक्सेलमध्ये हाताने कटलिस्ट (कापायच्या तुकड्यांची मापांसह यादी) भरत बसलेला असतो, कारण सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या यादीवर मिस्त्रीचा भरवसा नसतो आणि मिस्त्रीचं बरोबरही असतं.

रेंडर, म्हणजे हे चकचकीत चित्र, हवंच, ग्राहक त्यावरच ॲडव्हान्स देतो. पण सुंदर चित्र आज बहुतेक सगळी सॉफ्टवेअर काढतात. त्या चित्रातून करवतीवर चालेल अशी यादी निघते का, आणि ग्राहकाने शेवटच्या दिवशी बदल सांगितला तर तो यादीपर्यंत आपोआप पोचतो का, इथे खरा फरक पडतो. खाली जे आहे ते किचन, वॉर्डरोब आणि ऑफिसचं फर्निचर प्लाय, एमडीएफ किंवा प्री-लॅम (आधीच लॅमिनेट लावून आलेल्या) बोर्डात बनवणाऱ्या, साधारण पाच ते पंचवीस माणसांच्या कारखान्यासाठी आहे.

आधी कापणार कशावर, ते लिहा

एक कागद घ्या आणि बोर्ड कारखान्यात आल्यापासून टेम्पोत चढेपर्यंत त्याचं काय काय होतं ते क्रमाने लिहा. यातून चारपैकी एक चित्र निघेल.

साइटवरच मिस्त्री बसून काम करत असतील, तर तुम्हाला ड्रॉइंग आणि रेंडर एवढंच लागतं. महागडं उत्पादन सॉफ्टवेअर घेऊ नका.

स्लायडिंग पॅनल सॉ, छोटं एजबँडर (कडांना पट्टी चिकटवणारं मशीन) आणि हाताने ड्रिलिंग असेल, तर बिनचूक कटलिस्ट, कटिंगचा नकाशा आणि प्रत्येक तुकड्यावर चिकटवायचं लेबल लागतं. मशीनला देण्याच्या फायलींसाठी पैसे मोजायची गरज नाही.

बोर्ड जॉबवर्कवर दुसऱ्याच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कापून आणत असाल, तर सॉफ्टवेअर बघण्याआधी त्या ऑपरेटरकडे जाऊन बसा. तो कोणती फाइल घेतो? डीएक्सएफ ही ड्रॉइंगची फाइल घेत असेल तर तिच्यातल्या लेयरची, म्हणजे थरांची, नावं कशी हवीत? बऱ्याच ठिकाणी भोकाचा व्यास आणि खोली लेयरच्या नावावरूनच ठरते. तुमच्या फायलीत नाव वेगळं असेल तर मशीन एक तर ते भोक पाडत नाही, नाही तर आरपार पाडतं. त्याच्याकडून चालू असलेली एक नमुना फाइल मागून घ्या आणि डेमोवाल्यासमोर ठेवा: अशीच फाइल काढून दाखवा.

स्वतःचं नेस्टिंग राउटर (फिरत्या बिटने बोर्डातून तुकडे कापणारं सीएनसी) किंवा भोकं पाडणारं बोअरिंग मशीन असेल (किंवा वर्षभरात घेणार असाल), तर प्रश्न पोस्ट-प्रोसेसरचा. हा सॉफ्टवेअरचं काम तुमच्या मशीनच्या भाषेत लिहून देणारा दुभाषा. होमाग कंपनीच्या मशीनवर वूडवॉप हे सॉफ्टवेअर चालतं, बिएस्सेचं वेगळं, एससीएमचं आणखी वेगळं. 'आमचं सगळ्या मशीनवर चालतं' हे वाक्य ऐकून घ्या, पण तुमच्या मशीनच्या मॉडेलचा पोस्ट-प्रोसेसर किमतीत धरला आहे का आणि तो बसवून पहिला बोर्ड कापून दाखवण्याची जबाबदारी कोणाची, हे कोटेशनवर लिहून घ्या. आणखी एक गोष्ट डेमोत कोणी सांगत नाही: साधं तीन अक्षांचं नेस्टिंग राउटर बोर्डाच्या वरच्या तोंडावरच काम करतं. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना भोकं असतील तर बोर्ड उलटावा लागतो, आणि कडेतली डॉवेलची (लाकडी खुंटीची) भोकं त्याच्यावर होतच नाहीत. सॉफ्टवेअरने ही कामं वेगळ्या यादीत काढून दिली नाहीत, तर ती भोकं असेंब्लीच्या वेळी आठवतात.

जाडीची परीक्षा

सॉफ्टवेअर पारखायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे जाडी. आपल्याकडे प्लायला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावतात. १८ मिमीचा प्लाय, बाहेरून १ मिमी लॅमिनेट, आतून ०.८ मिमी लायनर (आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट), म्हणजे १९.८ मिमी, फेविकॉलचा थर वेगळाच. परदेशी सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ऱ्या बहुधा आधीच लॅमिनेट लागून आलेला बोर्ड धरून बनवलेल्या असतात, त्यात १८ म्हणजे १८.

आता ६०० मिमी रुंदीचं एक बेस युनिट घ्या, तळ दोन बाजूंच्या मध्ये बसणारा. सॉफ्टवेअर १८ धरून तळाची लांबी काढतं: ६०० वजा ३६, म्हणजे ५६४. कारखान्यात बाजू १९.८ च्या निघतात. ५६४ अधिक ३९.६, युनिट झालं ६०३.६ मिमी. एकट्या युनिटला कोणाच्या लक्षातही येणार नाही. पाच युनिटं ओळीने लावली की १८ मिमी जास्त. साइटवर शेवटचं युनिट भिंतीत घुसतं, फिलर (युनिट आणि भिंत यांमधली फट भरणारी पट्टी) तासावा लागतो आणि ग्रॅनाइटवाल्याने आधीच कापून ठेवलेलं सिंकचं भोक युनिटच्या बाजूवर येतं. ड्रॉवरमध्ये तर एवढीही सवलत नाही. १२ मिमी प्लायच्या बाजूंना दोन्हीकडून ०.८ चं लायनर लागलं की प्रत्येक बाजू १३.६ होते, ड्रॉवर ३.२ मिमी रुंद निघतो आणि टेलिस्कोपिक चॅनलमध्ये (ड्रॉवर सरकवणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांमध्ये) जातच नाही.

म्हणून डेमोत पहिली मागणी ही करा: मटेरियलची जाडी १८ वरून १९.८ करा आणि तळाची लांबी बघू. ५६०.४ आली पाहिजे. एकाच ठिकाणी आकडा बदलल्यावर सगळ्या कपाटांचे तळ, फळ्या, मागच्या पट्ट्या, ड्रॉवर बदलले तर सॉफ्टवेअर कामाचं. प्रत्येक कपाट उघडून बदलावं लागलं तर ते चित्रकलेचं साधन आहे. कोअर आणि लॅमिनेट वेगवेगळे नोंदवून जाडीची बेरीज आपोआप करणारं मिळालं तर फारच उत्तम, कारण मग लॅमिनेटच्या शीट किती लागतील हेही त्याच यादीतून निघतं.

प्लायची खरी जाडीही छापल्याप्रमाणे नसते. नवा लॉट आला की व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजून तो आकडा टाकायची सवय लावा.

एजबँड: कोण वजा करणार?

६०० च्या युनिटला दोन शटर, तयार माप प्रत्येकी ७१७ × २९७. चारही कडांना २ मिमीची पट्टी लावायची तर कापायचं माप ७१३ × २९३. पण एजबँडरला प्री-मिलिंग (पट्टी लावण्याआधी कड तासून घेण्याची सोय) असेल आणि ते प्रत्येक कडेला १ मिमी खात असेल, तर कापायचं माप ७१५ × २९५ होतं. सॉफ्टवेअरमध्ये पट्टीची जाडी आणि प्री-मिलिंग ही दोन्ही भरायची सोय हवी, आणि यादीत 'तयार माप' व 'कटिंग माप' असे दोन वेगळे रकाने हवेत.

यादीत एकच माप असलं की हमखास घोटाळा होतो. सॉफ्टवेअरने पट्टी वजा केलेली असते, पॅनल सॉवरचा अनुभवी माणूस सवयीने पुन्हा वजा करतो. दोन्ही शटर ४-४ मिमी अरुंद, मधली ३ मिमीची फट ११ ची होते. चूक दोघांचीही नसते. लेबलवर कोणत्या कडेला कोणती पट्टी हे छोट्या चित्रात दाखवता येतं का तेही बघा, कारण ०.८ आणि २ मिमीची अदलाबदल कागदावर कळत नाही, शटर बसवल्यावर कळते.

हार्डवेअर

टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी जागा लागते. ड्रॉवरच्या खाली बसणाऱ्या अंडरमाउंट चॅनलचा हिशोब निराळा: ब्लूम कंपनीच्या टँडम चॅनलमध्ये ड्रॉवरची आतली रुंदी म्हणजे कपाटाची आतली रुंदी वजा ४२ मिमी, ड्रॉवरच्या बाजू १६ मिमीपर्यंतच्या. ग्राहकाने 'सॉफ्ट-क्लोज अंडरमाउंट करा' म्हटलं की ड्रॉवरचे सगळेच तुकडे बदलतात. एबको, हेटिक, हाफेले, ब्लूम या कंपन्यांपैकी तुम्ही जे नेहमी वापरता त्याचे नियम सॉफ्टवेअरमध्ये तयार आहेत का, नसतील तर स्वतः भरता येतात का, हे विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तयार लायब्ररी कधी ना कधी अपुरी पडतेच.

ड्रिलिंग मशीनवर करणार असाल तर ३२ मिमी पद्धत पाळणारं सॉफ्टवेअर घ्या: समोरच्या कडेपासून ३७ मिमीवर ५ मिमीच्या भोकांची रांग, भोकांत ३२ मिमी अंतर, बिजागरीच्या कपासाठी शटरवर ३५ मिमीचा खड्डा. हाताने ड्रिल करणाऱ्यांना जिग (भोकांच्या जागा दाखवणारा साचा) पुरतं.

कटिंगचा नकाशा

८ × ४ चा बोर्ड म्हणजे २४४० × १२२० मिमी. कडा खराब असतात म्हणून चारही बाजूंनी १० मिमी छाटले तर हाती २४२० × १२०० उरतात. आता वॉर्डरोबच्या बाजू ६०० मिमी खोल ठेवल्या तर रुंदीत दोन बसतात असं वाटतं, पण मध्ये ब्लेड ३.२ मिमी खातं. १२०३.२ हवेत, आहेत १२००. प्रत्येक बोर्डातून एकच बाजू, उरलेला अर्धा बोर्ड फळ्यांना. खोली ५९० केली की दोन बसतात. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे डिझाइन करतानाच दिसतं, ऑर्डर घेतल्यावर नाही.

नकाशा काढणाऱ्या भागात चार गोष्टी तपासा. ब्लेडची जाडी भरता येते का. छाटणी भरता येते का. लाकडी रेषांच्या लॅमिनेटसाठी तुकडा फिरवू नये असं सांगता येतं का. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे नकाशा आरपार कापांचा निघतो का. पॅनल सॉ मध्येच थांबून वळत नाही, कडेपासून कडेपर्यंतच कापतो. राउटरसाठी बनवलेला नेस्टिंगचा नकाशा टक्केवारीत सुंदर दिसतो, पण पॅनल सॉवर तो कापताच येत नाही. राउटरसाठी उलट: तिथे ३.२ ऐवजी बिटचा व्यास धरायचा, साधारण १२ मिमीचा.

उरलेले तुकडे नोंदवून पुढच्या कामात वापरणारी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि बहुतेक कारखान्यांत बंद पडते, कारण तुकड्यांवर नंबर टाकायला कोणी नसतं. तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

बाजारात काय आहे

पहिली पायरी म्हणून स्केचअप आणि त्यावर ओपनकटलिस्ट हे मोफत एक्स्टेंशन, ही जोडी पॅनल सॉवाल्या कारखान्याला खूप दिवस पुरते. कटलिस्ट, कडांच्या पट्ट्या, कटिंगचा नकाशा, लेबलं, सगळं निघतं. दोन अटी. प्रत्येक तुकडा कंपोनंट म्हणूनच काढा, नुसता ग्रुप केलेला तुकडा यादीत येत नाही. आणि एक्स्टेंशन डेस्कटॉप आवृत्तीवरच चालतं, त्यामुळे ब्राउझरमधल्या आवृत्तीचा इथे उपयोग नाही, प्रो घ्यावं लागतं. मोफत स्केचअप वैयक्तिक वापरासाठीच आहे. २०१७ चं 'मेक' अजून अनेकांच्या कॉम्प्युटरवर दिसतं, त्याचाही परवाना धंद्यासाठी नाही. स्केचअपची उणीव म्हणजे कपाट स्वतःहून शहाणं नसतं. खोली बदलली की फळी तुम्हालाच आखूड करावी लागते, किंवा डायनॅमिक कंपोनंट (माप दिल्यावर स्वतः बदलणारे तुकडे) बनवण्यात वेळ घालवावा लागतो.

फ्रीकॅड पूर्ण मोफत आणि धंद्यालाही चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. सगळी मापं एका तक्त्यात ठेवून कपाट त्याला जोडता येतं, आकडा बदलला की सगळं बदलतं. शिकायला मात्र चिकाटी लागते आणि रेंडर ग्राहकाला दाखवण्याजोगं सहज निघत नाही. कारखान्यात तांत्रिक डोक्याचा एक तरुण असेल तरच या वाटेला जा. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती व्यावसायिक कामाला चालत नाही, हेही इथेच सांगून ठेवायला हवं.

मधल्या पायरीवर कपाटांसाठीच बनवलेली सॉफ्टवेअर येतात: पॉलिबोर्ड, मोझेइक. जाडी, जोड, हार्डवेअर यांचे नियम एकदा भरले की कपाट रुंदी-उंची-खोली दिल्यावर स्वतः तयार होतं. बेंगळुरूचं इन्फर्निया क्लाउडवर चालतं, विक्रीच्या डिझाइनपासून उत्पादनापर्यंत एकच मॉडेल ठेवतं. क्लाउडवालं काहीही घेताना एमआयडीसीतल्या तुमच्या शेडमध्ये नेट कसं आहे ते आधी बघा.

वरच्या पायरीवर कॅबिनेट व्हिजन, मायक्रोवेलम, आयमॉस, टॉपसॉलिड'वूड. शेवटच्या टोकाला स्वतःचं सीएनसी आणि रोजचं काम असेल तरच यांचा विचार करा. पैशांपेक्षा जास्त खर्च बसवण्याचा असतो: तुमच्या कारखान्याच्या पद्धती त्यात भरायला पूर्णवेळ माणूस काही महिने लागतो. तो माणूस नसेल तर एवढं महागडं सॉफ्टवेअर रेंडर काढण्यापुरतं उरतं.

एक कसोटीचं काम

डेमो विक्रेत्याच्या किचनवर होऊ देऊ नका. स्वतःचं काम द्या, सगळ्यांना एकच. उदाहरणार्थ ३०५० मिमीची भिंत: एक ब्लाइंड कॉर्नर (कोपऱ्यातलं, थोडं झाकलं जाणारं युनिट), एक सिंक युनिट, एक तीन ड्रॉवरचं, एक दोन शटरचं, शेवटी एक टॉल युनिट. पूर्ण झाल्यावर क्रमाने चार बदल सांगा आणि घड्याळ लावा.

१. जाडी १८ ची १९.८.
२. कोपऱ्यात खांब निघाला, एका युनिटची खोली ५६० ची ५४०.
३. हँडल काढून जी-प्रोफाइल (हँडलऐवजी बोटं घालून ओढायची पट्टी). यात युनिटच्या बाजूंना खाचा येतात आणि शटरची उंची कमी होते. बहुतेक सॉफ्टवेअर इथेच अडखळतात.
४. टेलिस्कोपिकच्या जागी अंडरमाउंट चॅनल.

प्रत्येक बदलानंतर यादी पुन्हा काढायला लावा आणि जुन्या यादीशेजारी ठेवून स्वतः तपासा. मग त्या यादीवरून एक युनिट, तीन ड्रॉवरवालंच, स्वस्त बोर्डात खरोखर कापा आणि जोडा. मिस्त्रीला आधी काही सांगू नका, फक्त लेबल लावलेले तुकडे द्या. त्याने किती वेळा येऊन 'हे कुठलं?' विचारलं ते मोजा.

लेबलांचीही परीक्षा याच वेळी घ्या. 'डावी बाजू', 'मागची पट्टी' असं देवनागरीत छापून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, काहींत नुसते चौकोन येतात. कारखान्यात मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणारे असतात, देवनागरी लेबल दोघांनाही चालतं.

मापाचं एकक मिलिमीटरच ठेवा. साइटवर मिस्त्री सुतात बोलतो, त्याला बदलायच्या फंदात पडू नका, पण माप लिहून घेणाऱ्याने टेपच्या मिलिमीटरच्या बाजूनेच लिहावं. ३ फूट ४ इंच २ सूत म्हणजे १०२२.३५ मिमी. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, शटरमधल्या फटीपेक्षाही मोठं, तेव्हा 'सूतभर इकडेतिकडे' हे मॉड्युलरला परवडत नाही. भिंत ओळंब्यात आणि कोपरा गुण्यात आहे का, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. रुंदी खाली, मध्ये, वर अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान माप धरा आणि फिलर ठेवा.

पैसे आणि परवाना

वर्षाचं भाडं आणि एकदाच खरेदी, यात तीन वर्षांचा एकूण आकडा काढून तुलना करा. त्यात १८ टक्के जीएसटी, प्रशिक्षण, पोस्ट-प्रोसेसर, दुसऱ्या कॉम्प्युटरचा परवाना आणि रेंडरसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड धरा. परदेशी कंपनीकडून थेट घेतलंत तर रिव्हर्स चार्जचं (जीएसटी विक्रेत्याऐवजी तुम्हीच भरायचा) सीएला विचारा. भाडं भरायचं बंद केलं तर जुन्या फायली उघडतील का, हे लेखी घ्या. चार वर्षांनी ग्राहक एक शटर बदलायला येतो तेव्हा ती फाइल लागते. क्रॅक केलेलं घेऊ नका. कायद्याचा भाग आहेच, शिवाय त्यातून येणारा व्हायरस सगळ्या जुन्या ड्रॉइंगवर बसला की ती परत मिळवायला कोणीही मदत करत नाही.

घेतल्यानंतरचे पहिले दोन महिने

सगळी कॅटलॉग भरायला बसू नका. तुमच्या कामात पुन्हापुन्हा येणारी बारा-पंधरा युनिटं निवडा आणि तेवढीच लायब्ररीत पक्की करा. प्रत्येक युनिट एकदा कापून, जोडून बघितल्याशिवाय लायब्ररीत टाकायचं नाही. लायब्ररीत बदल करण्याचा अधिकार एकालाच द्या, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागणी करायची. नाहीतर महिन्याभरात 'बेस ६००', 'बेस ६०० नवीन' आणि 'बेस ६०० फायनल' अशी तीन भावंडं तयार होतात आणि तिघांचे तळ वेगवेगळे.

पहिली दोन कामं जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने, दोन्ही याद्या काढून करा. जिथे आकडे जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधा. निम्म्या वेळा जुन्या यादीतली चूक सापडेल, जी मिस्त्री इतके दिवस साइटवर गुपचूप निस्तरत होता.

प्रत्येक यादीवर आणि लेबलवर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापा. नवी यादी निघाली की पॅनल सॉजवळची जुनी स्वतः जाऊन फाडा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफचं काय करायचं हा प्रश्न उरतोच: कटिंग फक्त छापील, सही केलेल्या कागदावरून, फोनवरून नाही, एवढा नियम तरी करा.

आणि सागवानी दिवाण, खुर्च्या, कोरीव देवघरं बनवणाऱ्यांसाठी: तुमच्याकडे बोर्ड नाही, ओंडका आणि घनफूट आहेत, तेव्हा वरचा निम्मा हिशोब लागू होत नाही. कपाटांचं सॉफ्टवेअर घेऊ नका. साल-चूळ (खाच आणि खुंटीचा जोड) आणि वळणं नीट काढता येतील असं फ्रीकॅड किंवा स्केचअप पुरे, आणि यादीत रंधून तयार मापाबरोबर कच्चं मापही येईल एवढं बघा.